ग्रीस न लावलेली जोडी

भोपाळातल्या आमच्या पिपलानी वसाहतीतली माणसं कारखान्याच्या एलटीसीवर कन्याकुमारीला जात, जगन्नाथपुरीला जात, फार झालं तर दार्जिलिंगहून चहाचं पाकीट घेऊन येत. बर्फावर घसरायला कोणी जात नसे. ही कल्पना माझ्या बाबांची.

बाबा कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. कुठलीही वस्तू हातात आली की आधी उलटी करून तिची खालची बाजू बघायची, ही त्यांची सवय. इंद्रपुरीच्या बाजारातली वांगीसुद्धा सुटत नसत. हिमालयात औलीला स्कीइंग शिकवतात असं त्यांना वर्कशॉपमधल्या कोणीतरी सांगितलं आणि महिन्याभरात त्यांनी आमच्या क्वार्टरांच्या लायनीतली सात मराठी कुटुंबं तयार केली. मग नोटीस निघाली. हो, चक्क नोटीस! टाइप केलेली, खाली सही. पुरुष व मुले : स्कीइंग. महिला : देखावा व चहा.

मी अकरावीत होते, म्हणजे मुलांत मोडत होते.

"देखावा व चहा?" आईने नोटीस दोनदा वाचली. "अहो, चहा तर मी इथेही पिते."

"अगं, साडीत काय घसरणार तू? पडलीबिडलीस तर केवढ्याला पडेल!"

आई गप्प बसली, पण तिचे प्रश्न बसले नाहीत. पोळ्या लाटता लाटता ती मला विचारायची, बर्फावर पाय आधी घसरतात की माणूस आधी घसरतं? थांबायचं झालं तर कशाला धरायचं? वाटेत वळण आलं तर? मला काय ठाऊक! मी भोपाळच्या बाहेर बर्फ पाहिला नव्हता आणि भोपाळात पाहिला तो उसाच्या रसात. आईला तर साधी सायकलही येत नव्हती. बाजार असो की नेहरू नगरातलं मावशीचं घर, ती बाबांच्या स्कूटरवर मागे, एका बाजूला पाय सोडून बसायची.

दर रविवारी सकाळी क्वार्टरांमागच्या मैदानात पुरुषमंडळींची प्रॅक्टिस चालायची. हातात दोन-दोन झाडूचे दांडे, गुडघे वाकवलेले, आणि बाबा समोर उभे राहून आकडे मोजत. अख्खी लायन गॅलरीत उभी राहून हसायची. आई हसत नव्हती, निरखून बघत होती. एकदा मी स्वयंपाकघरात शिरले तर ओट्यासमोर आई गुडघे वाकवून उभी, एका काखेत लाटणं, दुसऱ्या काखेत रवी.

"फक्त एकदा गं," ती सरळ उभी राहत म्हणाली. "वरून खाली, एकदाच. जीव कसा होतो ते मला बघायचंय."

"ह्यॅ! आई, लोक हसतील," मी म्हणाले. माझ्या तोंडून हेच निघालं. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

फेब्रुवारीत निघालो. दोन दिवस गाडी, बस, पुन्हा बस, मग रोपवे. पाळण्यातून आई एवढी वाकून खाली बघत होती की बाबांनी तिच्या शालीचं टोक धरून ठेवलं. औलीत शिकायला एकच दिवस होता, आणि त्याच दिवशी तीनच्या रोपवेने परत. पोचलो त्या संध्याकाळीच प्रत्येकाला मापाचे बूट आणि स्कीची जोडी भाड्याने मिळाली. सगळ्या जोड्या गेस्टहाउसच्या व्हरांड्यात एका रांगेत, बाबांनी खडूने नंबर घालून ठेवल्या. मला मात्र राहवेना. मी माझी जोडी गुपचूप खोलीत नेली आणि पलंगावर बसून पायांत घालून पाहिली. आईने स्कीवरून तळवा फिरवून बघितला. मग माझ्या बुटात हळूच पाय घातला. आम्हा दोघींचं माप एकच, त्यामुळे घरी चपलांवरून रोज भांडणं.

"बसला की!" ती म्हणाली आणि लगेच बूट काढून ठेवला.

सकाळी सहा वाजता बाबा आणि दोन काका व्हरांड्यात कामाला लागले. स्कीच्या तळाला मेण लावतात, एवढं बाबांनी कुठेतरी वाचलं होतं. आता ज्या माणसाने जन्मभर फिरणाऱ्या आणि सरकणाऱ्या वस्तूंवर ग्रीस बघितलं, त्याला मेण कसं पटावं? भोपाळहून त्यांनी ग्रीसचा डबाच आणला होता. इन्स्ट्रक्टर यायच्या आत अकरा जोड्यांना, बोटाने सारखं करून, भरपूर ग्रीस लागलं. माझी जोडी खोलीत होती, ती राहिली.

पुढे काय झालं ते सांगायलाच नको. त्या थंडीत ग्रीसचा झाला चिकट गोळा, आणि त्यावर बर्फ असा चढला की प्रत्येकाच्या पायाखाली वीतभर थर. बाबा जोर करत होते, काठ्या मारत होते, पण जागचे हलतील तर शपथ! अकरा बापलेक उतारावर खांबांसारखे उभे. त्यातही एक काका म्हणत होते की ग्रीसचा ग्रेड चुकला.

इन्स्ट्रक्टरने एक स्की उलटी केली, बोट लावलं, वास घेतला. "साहब, ये क्या लगा दिया?"

अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय! रॉकेल आणि चिंध्या आल्या आणि सगळे पुरुष ओळीने बसून स्की पुसू लागले. दुपार झाली तरी ग्रीस निघेना. चालणारी जोडी एकच, माझी. बाबांनी तेवढ्यातही सीनियॉरिटीप्रमाणे नंबर लावायला घेतले, पण माझ्या बुटात कोणाचा पाय शिरेना. मग मी एकटीच घसरत होते, पडत होते, पुन्हा चढत होते. फार मजा येत होती, खोटं कशाला बोलू.

दीड वाजता आई चहाच्या टपरीकडून आली. अंगात भाड्याची निळी पँट, त्यात सहावारी कोंबलेली, कमरेभोवती गाठोडं बांधल्यासारखं झालेलं. मागे बाकावर बसलेल्या काकू हसत होत्या.

"मला देतेस एकदा?"

मी इकडेतिकडे बघितलं. "आई, सगळे बघतायत गं. आणि थोडाच वेळ राहिलाय."

"म्हणूनच विचारतेय," ती म्हणाली. रागाने नाही. पण तिची नजर माझ्या बुटांवर होती. ही बाई दोन महिने ओट्यासमोर गुडघे वाकवत आली असणार, हे माझ्या एकदम लक्षात आलं. मी खाली बसले आणि बूट काढायला लागले. बोटं गारठल्यामुळे बंद सुटेना, तर तिनेच वाकून सोडवला.

इन्स्ट्रक्टरने तिला दहा मिनिटं शिकवलं. गुडघे वाकवा, नजर समोर, थांबायचं तेव्हा पंजे आत. गुडघे तर तयारच होते. "माताजी, आप तो सीखी हुई हैं," तो म्हणाला. आणि त्याने हात सोडला.

बाबांनी मान वर केली तेव्हा आई निघालेली होती. मुठीत चिंधी, कोपरापर्यंत हात काळे, तसेच ते उठून धावले. "अगं थांब! पंजे आत! ब्रेक! ब्रेक!" आई कसली थांबतेय! पदर पँटीतून सुटून मागे फडफडत होता. तोंडातून आवाज नाही. ती अख्खा उतार उतरली, सपाटीवर आली, टपरीवरून पुढे गेली आणि हळूहळू वेग कमी होत शेवटी बर्फात बसली. काकूंचं हसणं केव्हाच बंद झालं होतं.

आम्ही धापा टाकत पोचलो. आईचा चेहरा लाल झाला होता आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. बाबा गुडघ्यांवर बसले, तिचा घोटा दाबून बघितला, स्की उलटी करून बघितली.

"कुठे लागलं?"

"कुठे नाही."

"मग रडतेस काय? काय झालं काय तुला?"

आईने मान वर करून, ती उतरून आली त्या उताराकडे बघितलं.

"अहो, लग्न झाल्यापासून कुठेही निघाले की डोळ्यांसमोर तुमची पाठ," ती म्हणाली. "तक्रार नाही हो. पण आज समोर कोणाची पाठच नव्हती. सगळं थेट माझ्याकडे येत होतं."

  मला रडूच आलं आणि मी ते लपवलं नाही. मग बाबांनी घड्याळ बघितलं. सव्वादोन. त्यांनी आईच्या पायातल्या स्की सोडवल्या, ग्रीसचा हात लागू नये म्हणून मफलरमध्ये धरून खांद्यावर घेतल्या, आणि इन्स्ट्रक्टरला ओरडून विचारलं, "भैया, एक चक्कर और होगा ना?"

त्याने वरून हात हलवला. आई उठली, पँट झटकली आणि सवयीने बाबा निघायची वाट बघत उभी राहिली.

"तू हो पुढे," बाबा म्हणाले.