नवरा सापडला नाही

माझ्या बहिणीच्या लग्नात नवरा हरवल्याची बातमी सगळ्यात आधी मीच दिली. नवरा मुळात हरवलेलाच नव्हता.

प्रज्ञाचं लग्न काटेवाडीला, आमच्याच दारात होतं. मी बारामतीत इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर (असं घरचे समजतात), तेव्हा कमानीवर नवरा-नवरीची नावं लाल दिव्यांत सरकवणारा बोर्ड मीच बनवणार, असं सांगून बसलो.

अशा बोर्डाच्या पोटात नखाएवढी चिप असते. तिच्यातला प्रोग्रॅम कुठं अडतो ते शोधायला डिबगर नावाची डबी मिळते. ती जोडली की प्रोग्रॅम ओळीओळीला थांबवून आत काय चाललंय ते बघता येतं. कुठली डबी घ्यावी यासाठी मी इतके व्हिडिओ पाहिले, की प्रज्ञासाठी तेवढी स्थळंही पाहिली नव्हती. एकीत ही खोट, दुसरीत ती! शेवटी लग्न तोंडावर आलं आणि मी एकही घेतली नाही. माझी बायको सुजाता याच धंद्यातली. ती म्हणाली, कुठलीही घे, पण घे. मी म्हणालो, गरजच काय? अडलं की बोर्डच तसं लिहून दाखवेल. मग लग्नाआधी ते संदेश काढून टाक, असं तिनं बजावलं. (मी मान हलवली होती. मान हलवायला काय जातं?)

आदल्या दिवशी मी नवऱ्याच्या नावाआधी 'आयु.' (आयुष्मान) घातलं आणि जुनी फाइल पुसून नवी फाइल नव्या नावानं ठेवली. प्रोग्रॅम मात्र जुनीच शोधत राहिला.

नवऱ्याकडची निमगाव केतकीची मंडळी गाड्यांतून उतरली. कमानीवर 'प्रज्ञा' आलं, सगळ्यांनी मोबाइल वर केले. पाठोपाठ लाल अक्षरं सरकली : 'नवरा सापडला नाही.'

मोबाइल तसेच वर राहिले. पुढची ओळ मला पाठ होती.

'दुसरा घेतो.'

नवऱ्याची आई मटकन खुर्चीत बसली. वऱ्हाडातल्या दोघांनी एसटी स्टँडवर शोधायला मोटरसायकली काढल्या. बोर्डानं 'दुसराही नाही, पहिल्यापासून सुरू करतो' असं जाहीर केलं आणि पुन्हा 'प्रज्ञा' दाखवलं.

नवऱ्याचे चुलते तात्या माझ्याजवळ आले. आवाज अजिबात न चढवता म्हणाले, "पाव्हणं, नवरा सापडंल. दुसरा कोण घेताय, त्येवढं सांगा."

"तात्या, 'नवरा' हे फाइलीचं नाव हाय. दुसरा म्हंजी दुसरी फाइल. माणूस न्हाय."

"मग लिवलं कुणी?"

"मीच."

तेवढ्यात नवरा आमच्या स्वयंपाकघरातून नुसत्या बनियनवर बाहेर आला. गाडीतून उतरताना त्याच्या सदऱ्याचं बटण तुटलं होतं आणि माझी आई आत बसून ते शिवत होती. सुजातानं बोर्डाची वायर उपटली.

बुद्धवंदना झाली, लग्नही रीतसर लागलं. तात्यांनी मात्र शेवटपर्यंत नवऱ्याचं कोपर सोडलं नाही.

आता निमगावला गेलो की तात्या माझी ओळख करून देतात, "हे आमच्या सूनबाईचं भाऊ. इंजिनिअर हायेत, पन मानूस चांगला हाय."