ओटी भरून पाठवलेली

हुपरीच्या स्टँडवर मला पोचवायला निम्मी गल्ली आली होती. काकूंनी ओटी भरली, वहिनीनं डब्यात धपाटी दिली. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पावण्यांना टॉवेल-टोपी देऊन मान केला. पावणं म्हणजे माझ्या चुलतबहिणीचा दीर. मस्कतला चांदीच्या कारखान्यात मला कामाला लावून देणारा देवमाणूस! मी त्याच्या पाया पडले. आई म्हणाली, "नीट ऱ्हा बाई. दिल्या शब्दाला जाग." पावण्यांना तसं कुणीच बजावलं नाही.

तुम्ही सगळे त्या दिवशी तिथे होता, म्हणून हे तुम्हालाच लिहिते आहे. आणि माझ्यासारख्या गेलेल्या, अजून परत न आलेल्या बायांनाही.

आमच्याकडे घरोघरी पैंजण होतात. व्यापारी चांदी आणून देतो आणि निघून जातो. शाळेतून आले की मीही आईशेजारी कड्या जोडायला बसायची. दुसऱ्याची चांदी आमच्या फडताळात पडून असायची आणि तिच्यातला कणही इकडचा तिकडे झाला नाही, याचा आम्हाला कोण ताठा! दुसऱ्याची वस्तू सांभाळणं म्हणजे अब्रू, हे अंगात इतकं मुरलेलं की मस्कतला दारातच घरच्या मॅडमनं पासपोर्ट मागितला, तेव्हा मी तो रुमालातून सोडून स्वतःच्या हातानं दिला. वर मनात म्हटलं, बरं झालं, जोखमीची वस्तू मोठ्या घरात राहील. आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

कारखाना नव्हताच. दोन मजली घर, अकरा माणसं, चार बाथरूम आणि सगळ्याला मी एकटी. फोन काढून घेतला. आठवड्यानं मी पासपोर्ट मागितला, तर कफील, म्हणजे ज्याच्या नावावर माझा व्हिसा होता तो मालक, शांतपणे म्हणाला, "तुम्हारे आदमी को पैसा दिया है." माझा माणूस! ज्याच्या पाया पडून मी बसमध्ये चढले होते, तो.

सात महिन्यांनी शेजारच्या बंगल्यावरच्या मल्याळी ड्रायव्हरनं मला गाडीत घालून भारतीय दूतावासात पोचवलं. तिथे माझ्यासारख्या आणखी बायका होत्या, आंध्रच्या, पंजाबच्या. कुणी पाठवलं म्हणून विचारलं, तर एकीचा मावसा, दुसरीचा मेव्हणा. परक्यानं कुणालाच पाठवलं नव्हतं.

मानवी तस्करी म्हटलं की पेपरात बांधलेल्या हातांचं चित्र छापतात. माझे हात कुणी बांधले नाहीत. हळदकुंकू लावून, विमानात खिडकीशी बसून मी विकली गेले.

आणि परत आल्यावर तुम्ही काय विचारलंत? "एवढ्यात आलीस? जमलं न्हाय व्हय?" अहो, इचलकरंजीचं स्थळ आलं तरी तुम्ही मुलाच्या चुलत्यापर्यंत चार घरी चौकशी करता. मला समुद्रापलीकडे धाडताना कारखान्याचं नाव तरी विचारलंत का? मी तक्रार करायला निघाले तर आप्पा म्हणाले, "पावण्यावर केस करतीस? भणीचा संसार मोडंल की." मी गप्प बसले. तुमच्यापेक्षा जास्त राग मला माझ्या त्या गप्प बसण्याचा येतो.

आता मी शहरात, शाहूपुरीत एका सराफाकडे दागिने दुरुस्त करते. एका खोलीत राहते. खोलीला आतून कडी आहे आणि ती माझी मी लावते, हे सुख कुणाला सांगून कळायचं नाही. हुपरी बसनं किती लांब आहे? पण मला ती मस्कतहून लांब वाटायला लागली होती.

गेल्या महिन्यात भाचीचा, पूजाचा, फोन आला. "आत्या, मला पावण्यांनी कुवेतला पार्लरात लावलंय. पुढच्या आठवड्यात निघायचं हाय. आजोबांनी व्हय म्हटलंय."

तोच माणूस! आणि तेच आप्पा! माझं डोकं फिरलं. पूजाला म्हटलं, "मी आत्ता शाहूपुरीच्या पोलिसात चाललीय. तू यी तिकडं." दुकानात सुट्टी सांगितली आणि तडक ठाण्यात गेले. मस्कतपासूनचं सगळं सांगायला लागले. जबाब निम्मा झाला असेल, तोवर पूजा आली. तिच्या मागोमाग आप्पाही आले. एवढ्या वर्षांत ते माझ्याकडे पहिल्यांदा आले होते आणि ते असे. थकलेले दिसले. मी बसायला खुर्ची सरकवली.

लिहून घेणाऱ्या बाईंनी कायमचा पत्ता विचारला. आप्पा कानाशी लागले, "शाहूपुरीचा दे की. घराचं नाव कशाला घालतीस ह्यात?"

"आप्पा, मी घरातनंच गेलते की."

ज्या घरानं कसलीही चौकशी न करता मला धाडलं, ते घर माझंच आहे. परकं म्हणून मी ते सोडून देणार नाही आणि माझं म्हणून झाकूनही ठेवणार नाही. मी हुपरीचा पत्ता सांगितला, गल्लीसकट, आप्पांच्या पूर्ण नावासकट. आप्पा उठले आणि "चल गं" म्हणत दाराकडे निघाले.

पूजा उठली नाही.