लवणारा पत्रा

"भाऊ, पत्रा लवून राहिला."

रफिकभाईने हे इतक्या हळू सांगितलं की आधी मला नीट ऐकूच आलं नाही. खाली डाळ मिल चालू होती. मी शिडीच्या शेवटच्या पायरीवर, छताच्या कडेला होतो. तो माझ्यापासून साठेक फुटांवर, छताच्या मधोमध, हात आणि गुडघे टेकून ओणवा झाला होता. मी ओरडून विचारलं, काय म्हणतोस? त्याने मान न वळवता तेच पुन्हा सांगितलं. यावेळी ऐकू आलं आणि मी ओरडलो, हलू नकोस.

कारण सिमेंटचा पत्रा लवत नाही. तो एकतर वजन सहन करतो, नाहीतर एका क्षणात फुटतो. लवतो तो फायबरचा, आत उजेड यावा म्हणून मध्ये मध्ये बसवलेला. आणि त्या छतावर फायबरचा पत्रा आहे हे आम्हाला कोणीही सांगितलं नव्हतं.

माझा धंदा लोकांना लवकर समजत नाही. कार्ड बघून विचारतात, म्हणजे नाल्या साफ करता का? तेवीस वर्षांपूर्वी मी अमरावतीत घरोघरी पाण्याच्या टाक्या धुवायचो. आज माझ्याकडे दोन प्रेशर मशीन आहेत, तीस फुटांपर्यंत लांब होणारे पोल आहेत, एक गाडी आहे. हात पोचत नाही अशी बाहेरची कुठलीही जागा आम्ही साफ करतो. उंच काचा, बोर्डांच्या मागची कबुतरांची घरं आणि सगळ्यात जास्त म्हणजे छतावरची गटरं. तरीही लोकांच्या लेखी मी नालीवालाच. याचा मला राग येतो आणि तो मी लपवत नाही.

रफिकभाई अकोल्याचा, जुन्या शहरातला. आधी टिनचं काम करायचा. सतरा वर्षं माझ्यासोबत आहे. पत्रा बघून तो त्याचं वय सांगतो.

ही डाळ मिल अकोल्याच्या एमआयडीसीतली. एकाला एक चिकटून दोन शेड. दोन्ही उतारांचं पाणी मधल्या लोखंडी पन्हळीत येतं. तिला आम्ही व्हॅली गटर म्हणतो. डाळ मिलचं हे गटर म्हणजे आमच्या धंद्यातली सगळ्यात वाईट जागा. तुरीचा भुसा वर्षभर उडून त्यात बसतो. त्यात कबुतरांची घाण. ओला झाला की भिजवलेली कणीक, वाळला की सिमेंट. आदल्या पावसाळ्यात पाणी तुंबून आत उतरलं होतं आणि पोत्यातल्या डाळीला मोड आले होते.

असा थर काढायला लोक ॲसिड ओततात. ॲसिडने घाण जाते, सोबत लोखंडावरचा जस्ताचा थरही जातो आणि दोन वर्षांत गटर चाळणी होतं. आमची पद्धत साधी आहे. गरम पाण्यात धुण्याचा सोडा आणि लिक्विड साबण. ते ओतायचं, वर ओला बारदाना अंथरायचा, म्हणजे उन्हात वाळत नाही. अर्धा तास थांबायचं. मग प्लास्टिकच्या खरवडणीने थर सुटतो, खडे पडतात, ते बादलीत भरायचे. शेवटी कमी दाबाचं पाणी.

यात पाणी फार लागतं. मे महिन्यात अकोल्यात पाणी मागणं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको. म्हणून काम ठरवताना मॅनेजर वानखडे साहेबांशी माझा सगळा वाद बोअरच्या पाण्यावर झाला. ते म्हणत होते, टँकर तुम्ही आणा. मी म्हणत होतो, बोअर तुमचा, गटर तुमचं, टँकर माझा कसा? त्यांच्याही अटी होत्या. मिल एक तासही बंद राहणार नाही आणि माझी माणसं शेडच्या आत फिरणार नाहीत, माल उघडा असतो.

कुठल्याही छतावर चढण्याआधी मी ते आतून बघतो. सांगाडा कुठे आहे, गंज किती आहे, उजेड कुठून येतो. ही माझी जुनी सवय. पण त्या दिवशी सौद्याचा जोर चढला होता. मी म्हणालो, ठीक आहे, आम्ही आत येत नाही, बोअर द्या. त्यांनी बोअर दिला. मी बाहेर येऊन रफिकभाईला म्हणालो, साहेबाला गुंडाळला. तो म्हणाला, "आतून नाई पायलं तं कसं जमन भाऊ?" मी त्याला म्हणालो, तुझ्यासारख्या माणसाला आतून बघायची काय गरज आहे.

त्या शिडीवर उभा असताना मला हे वाक्य आठवत होतं.

छत पूर्ण पांढरं होतं. अकोल्याच्या उन्हामुळे लोक छताला पांढरा रंग देतात, आत जरा गार राहतं. इथे दोन जाड हात दिले होते, त्याखाली कुठला पत्रा कशाचा ते ओळखू येत नव्हतं. रफिकभाई गटरात उभा राहून काम करत होता, तिथे तो सुरक्षित आहे असं मला वाटत होतं. कमरेचा दोर गटराच्या अर्ध्यापर्यंतच पुरत होता. त्यापुढे त्याने तो सोडला. मी बघितलं आणि तसंच चालू दिलं. मग त्याने एक मोठा खडा उचकटला आणि खडा निघाला तसा त्याचा पाय गटरातून खाली गेला. खालचं लोखंड कधीच गळून गेलं होतं. घाणच तळ होऊन बसली होती. आम्ही ती काढली, म्हणजे तळच काढला. तो चपळ माणूस. पाय ओढून घेतला आणि बाजूच्या पत्र्यावर चढला. तोच हा लवणारा पत्रा.

मी ओरडलो, पोटावर झोप. अंग पसरलं की वजन वाटलं जातं. तो इंच इंच करत आडवा झाला. मागे फुटलेलं गटर, खाली बावीस फूट आणि चालू मशीनं. "छाती भाजून राहिली भाऊ," तो म्हणाला. साडेनऊ वाजले होते. त्या तापलेल्या पत्र्यावर त्याचे हात सुन्न व्हायला फार तर दहा मिनिटं लागली असती.

मी शिडी कशी उतरलो आठवत नाही. आत शिरलो तर धूळ, बल्ब आणि कानठळ्या. वर बघितलं. सगळं छत सारखंच काळपट. वानखडे साहेब धावत आले. आत यायचं नाही असं ठरलं होतं, असं म्हणाले. मी म्हणालो, माणूस वर अडकला आहे, मिल बंद करा, मला त्याच्याशी बोलायचं आहे.

"अशी एकदम नाही बंद करता येत. डाळ आत आहे. पूर्ण घाण खराब होईल."

गिरणीत एका वेळी भरडायला टाकलेल्या मालाला घाण म्हणतात. एरवी मला या शब्दाचं हसू आलं असतं. मी त्यांना बाजूला ढकललं आणि खांबावरचं लाल बटण दाबलं.

मिल थांबायला वेळ लागतो. पट्टे फिरत फिरत मंद होतात. मग एकदम शांत झालं आणि ती शांतता मला आवाजापेक्षा जास्त भयंकर वाटली. वरून एक बारीक करकर ऐकू आली.

मी विचारलं, वर फायबरचे पत्रे कुठे आहेत? मॅनेजरला माहीत नव्हतं. ते या मिलमध्ये वर्षापूर्वीच कामाला लागले होते. मिस्त्री म्हणाला, असतील दोन-चार. दोन-चार कुठे, हे तो सांगू शकेना.

डाळ निवडणाऱ्या बायकांमधली एक पुढे आली. कांताबाई. वय साठच्या आसपास, डोक्याला फडकं बांधलेलं, भुशाने पापण्या पांढऱ्या झालेल्या. ती वर बघतच नव्हती. फरशीकडे बघत होती.

"मले ठाऊक हाय. आमी उजेडात निवडाले बसत जाऊ ना. जिथं उजेड पडे तिथंच बसत जाऊ." ती चालत गेली आणि एका जागी उभी राहिली. "हे माही जागा." मग पुढे गेली. "हे शांतीची. हे सकीनाबीची. रंग मारला तवापासून आमाले बलप देल्ला."

पाच बायका बसायच्या, पाच चौकोन. छताचा नकाशा त्या बाईने फरशीवर चालून दाखवला.

मी बल्ब बंद करायला लावले. डोळे अंधाराला सरावले तसे वर पाच ठिकाणी अगदी मळकट, फिकट चौकोन दिसू लागले. त्यातल्या एकात, बरोबर कांताबाईच्या जागेवर, एक काळी सावली होती. दोन पसरलेले हात, डोकं, छाती. सतरा वर्षं मी त्या माणसाला रोज बघत आलो. खालून असा कधी बघितला नव्हता. पत्र्याच्या मधोमध तड्याची एक पांढरी रेघ होती आणि ती त्याच्या खांद्याकडे सरकत होती.

कोणी न सांगता बायका भुशाची पोती ओढू लागल्या. सावलीच्या खाली थर लावले. मी बाहेरून गटराचा लांब पोल आणला. पत्र्यांच्या खाली शेडच्या लांबीने लोखंडी चॅनेल जातात, त्यांवर पत्रे बसवलेले असतात. तेवढ्याच रेघेवर माणसाचं वजन पेलतं. मी पोल उंच करून त्याच्या उजव्या हाताजवळच्या चॅनेलवर ठोकलं.

"रफिकभाई, ठोकतो तिथं हात ठेव. दुसरीकडं नको."

"हाव."

हात सरकला. मी पुढे ठोकलं. दुसरा हात. मग गुडघा. बाजूच्या सिमेंटच्या पत्र्यावर त्याची सावली अर्धी नाहीशी झाली, मग पूर्ण. आता तो मला दिसत नव्हता. फक्त त्याच्या सरकण्याचा आवाज. वाटेत शांती आणि सकीनाबी यांच्या जागा होत्या, म्हणून मी त्याला वरच्या चॅनेलवर घेतलं. कांताबाई माझ्यासमोर चालत होती. दर दोन पावलांवर सांगत होती, इथं नाई, इथं नाई, आता चाला. मी ठोकत होतो, वरून उत्तरादाखल एक थाप येत होती. एकदा थाप आली नाही. मी पुन्हा ठोकलं. यावेळी पोल चॅनेलवरून घसरून पत्र्याला लागला. मग थाप आली. वरून आवाज आला, "घाम पुसून राहिलो होतो."

तो शिडीवरून उतरला तेव्हा त्याच्या दोन्ही कोपरांची सालं निघाली होती. सावलीत बसून तो पाणी प्यायला. माझ्याकडे बघितलं नाही. उरलेलं पाणी कोपरांवर ओतत म्हणाला, "बोअर भेटला ना तुले? झालं मंग."

मी आयुष्यात अनेकांशी भांडलो आहे. त्याच्याशी न भांडता मी गाडीतून त्याच्या कोपरांसाठी मलम आणलं.

गटर आम्ही पुढच्या आठवड्यात पूर्ण केलं. छतावर लाकडी फळ्या टाकल्या, दोर पूर्ण लांबीचा लावला, पाचही चौकोनांवर लाल रंगाने फुल्या मारल्या. गळका भाग मिलने बदलून घेतला. त्या पावसाळ्यात पाणी आत उतरलं नाही. वानखडे साहेबांनी मात्र माझ्याविरुद्ध मालकाला पत्र दिलं. ठेकेदाराने परवानगीशिवाय आत शिरून मिल बंद केली, माल खराब झाला, कामगार निष्काळजी होता. फायबर रंगवलं होतं, हे त्यात नव्हतं. कांताबाईचं नाव तर नव्हतंच. ते पत्र माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. पण बोअरच्या बदल्यात आतून बघणं मी विकलं होतं, हेही त्यात नव्हतं. ते फक्त मला आणि रफिकभाईला माहीत आहे.

आता सौदा करताना मी पाण्यावर भांडतो, दिवसांवर भांडतो, शिडी कोणाची यावरही भांडतो. आतली पाहणी मागे घेत नाही. आत गेलो की मॅनेजरला काही विचारत नाही. तिथे सगळ्यात जास्त वर्षं खाली बसून काम करणारं कोण आहे ते विचारतो. आणि ते माणूस भेटेपर्यंत रफिकभाई शिडीला हात लावत नाही.