काका घरी नाहीत

शिकागोजवळच्या नेपरव्हिलला आमच्या शेजारच्या काकू स्वतः फारशा कुठे जात नसत, पण युरोपला निघालेला प्रत्येक मराठी माणूस आधी त्यांच्या किचनमध्ये येऊन बसायचा. "ट्रॅव्हलर्स चेक घे, क्रेडिट कार्ड एकच ने," चहा गाळता गाळता त्या मला म्हणाल्या, "आणि फोनवर पैसे घालवू नकोस. पोचलास की ऑपरेटरकडून इथे कलेक्ट कॉल लाव, त्याचे पैसे मी हो म्हटलं तरच मला पडतात, आणि काकांना माग. ते घरी नाहीत म्हणून मी नको म्हणेन. तू पोचल्याचं मला फुकटात कळेल."

काका वारले त्याला तेव्हा एक हिवाळा उलटून गेला होता. दुसरं एखादं नाव सांगू का, असं मी विचारलं, तर त्यांनी साखरेचा डबा माझ्याकडे सरकवला.

पॅरिसच्या स्टेशनवरून मी फोन लावला. ऑपरेटरने काकांना मागितलं. पाण्याखालून यावा तसा काकूंचा आवाज आला, "ही इज नॉट होम."

कधी येतील, असं ऑपरेटरने सवयीने विचारलं. मग काकू चक्क मराठीत म्हणाल्या, "येतीलच एवढ्यात. मी जेवायची थांबलेय."