गादीवरून उठता आलं नाई

लग्न झाल्यावर मी सासुरवाडीले राहाले गेलो, कारंज्याले. सासऱ्यांचं किराण्याचं दुकान, पोरगा नाई, म्हणून जवाई गादीवर. पांढरी चादर, पांढरा पायजामा, समोर गल्ला. घरजवायाले कोणी रागावत नाई, हाच त्यातला त्रास. मी एकदा साखर मिठाच्या पोत्यात ओतली, तरी सासरे म्हणे, असू द्या जवाईबापू, होते असं. दोन शिव्या घातल्या असत्या तर पळून तरी गेलो असतो.

शाळा माझी चौथीत संपली, गुरुजीले आनंदच झाला. मले येत होतं ते एकच, रेडिओ खोलणं. परत जोडणं मागून शिकलो, अर्धंमुर्धं. मग सर्किटची पाटी बनवाचा नाद लागला. पाटीवर तांब्याचा पत्रा चिकटवलेला असते. त्यावर पाहिजे तेवढ्या रेघा नेलपॉलिशनं काढाच्या अन पाटी फेरिकच्या पाण्यात सोडाची. फेरिक उघडं तांबं खाऊन टाकते, रेघांखालचं ठेवते. नेलपॉलिश बायकोची. ते म्हणे, लोकांचे नवरे आणून देतात, माझा पळवते.

नागपूरचे एक शेठ टीव्हीचे स्टॅबिलायझर बनवत. अमरावतीले जाता-येता आमच्या दुकानी सुपारीले थांबत. त्यांच्यापुढं मी इतक्या फुशारक्या मारल्या, का ते म्हणे, मंगळवारी येतो, हातची एक पाटी दाखवजो, जमली तर याच गाडीत बसजो, नागपूरले कामाले ठेवतो. बायकोनं पिशवी भरून ठेवली. तिले कारंज्याचा कंटाळा नव्हता, माझ्या पडलेल्या तोंडाचा होता.

पाटी मी सोमवारीच मोरीत भिजू घातलती. सासूबाईले वाटलं शिळा चहा हाय. फेकला. पाटी बिचारीनं घासूनबी ठेवली, रेघांसकट.

मंगळवारी सासरे गावाले गेलते, दुकान माझ्यावर. मग काय, रेघा पुन्हा काढल्या, प्लास्टिकच्या डब्यात उरलेलं फेरिक घेतलं, मांडी घातली अन डबा मांडीत. वरून टॉवेल. फेरिक हलवत राहा लागते, नाई तर एका कोपऱ्यात खाते अन दुसऱ्यात उपाशी राहते. म्हणून मी गुडघे हलवत बसलो. एक म्हातारी तेल घ्याले आली, म्हणे, "थंडी वाजून राह्यली का, बापू?" म्हटलं, नाई माय, नामस्मरण चालू हाय. तिनं हात जोडले.

तेवढ्यात कोणीतरी गूळ मागितला. मी मागं वळलो अन डबा कलंडला. थोडं फेरिक चादरीवर, थोडं टॉवेलात, थोडं पायजाम्यात, बाकी डब्यात. त्याचा रंग कसा असते, सांगाले लाज वाटते. पोट बिघडलेल्या लेकराचा असते तसा. अन अगदी तिथंच.

दुकानापुढं बाजारातली चार माणसं उभी. तवाच शेठची जीप थांबली.

आलेल्या माणसासाठी उठून उभं राहावं, येवढं तर आमच्याकडं बैलालेबी समजते. मी बसूनच म्हटलं, या शेठ. ते पायरीवर उभे राह्यले. माझ्या उठण्याची वाट पाहत. मी हसलो. ते नाई हसले.

"पाटी कुठं हाय? चाल, गाडीत दाखव."

म्हटलं, बसा ना, सुपारी घ्या.

"उठत काऊन नाई बे?"

"दुकान सोडता येत नाई, शेठ."

"मंग सोडू नको." असं म्हणून ते गेले. सुपारीबी नाई घेतली.

मी तसाच बसून राह्यलो. मांड्या चुरचुरत होत्या. डब्यात पाटी पडून राह्यली, ते काढाचंबी भान नाई. पाहिली तवा फेरिकनं रेघांखालूनबी तांबं खाल्लं होतं. कोरी पाटी, माझ्या चौथीच्या पेपरासारखी.

दिवेलागणीले सासरे आले. गिऱ्हाइकांनी त्यांले सांगितलं, का जवाई आज एकदाबी उठला नाई, नागपूरचा माणूस बोलवाले आला तरी दुकान सोडलं नाई. सासऱ्यांचे डोळे भरून आले. कमरेची किल्ली काढली अन माझ्या हातात ठेवली. पायाबी पडता येईना. बसल्या बसल्याच वाकलो.

दुकान बंद झाल्यावर बायकोनं काळी चादर आणली, ते गुंडाळून मी मोरीत गेलो. सारं ऐकून ते खूप हसली. मग पायजामा बादलीत बुडवता बुडवता म्हणे, "अख्ख्या कारंज्यात तो शेठच एक माणूस होता जी, ज्याले कळलं असतं का हे फेरिक हाय."

मले हे सुचलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून सासरे दुकानात आलेच नाई. ओट्यावर बसत अन येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगत, जवायानं मले मोकळं केलं.