तुनी सायकल बोलस

"भंगारवाल्याले दी टाका. तिले गिअर बी नई, आते कोन चालाडी?"

नानांच्या दशक्रियेच्या दुपारी, धरणगावच्या घरात, त्यांचा मुलगा पाहुण्यांना सांगत होता. मी चहाचे कप गोळा करत होते. भिंतीला टेकलेल्या काळ्या सायकलकडे पाहिलं आणि पुन्हा कपांकडे...

नाना माझे मोठे काका. आम्ही जळगावला, सुट्टीत धरणगावला. माझी शाळा इंग्रजी. अहिराणी कळायची, तोंडातून यायची नाही. नाना अहिराणीतच बोलायचे, मी मान हलवायचे. दहावीनंतर मला गिअरची सायकल मिळाली आणि सकाळी आम्ही दोघं कापसाच्या जिनिंगपर्यंत जाऊ लागलो. पुलाचा चढ आला की मी गिअर हलका करून भराभर पाय मारत वर पोचायचे. नाना आधीच वेग धरायचे, मग सीटवरून उठून सगळं वजन पायडलवर टाकत यायचे. त्यांना एकच गिअर. उतारावर मी पाय थांबवायचे, मागच्या चाकातून टरटर आवाज यायचा. त्यांची सायकल गप्प. मागच्या चाकाचं फ्रीव्हील झिजलेलं, पाय थांबवून पुन्हा मारले की पायडल रिकामं फिरायचं, तोल जायचा. म्हणून ते उतारावरही ब्रेक धरून चाकाच्या वेगानं पाय फिरवत राहायचे. पुढे फ्रीव्हील बदललं, सवय गेली नाही. शेवटच्या दिवसांत दवाखान्यात चादरीखालीसुद्धा पाय हलत होते...

एकदा मी पुलाचा उतार संपतो तिथे वाट पाहत थांबले होते. नाना आले, हसले. "तुनी सायकल बोलस, बाई. तू कधी बोलशी?"

मी नुसतीच हसले. खरं तर मला वेग कमी-जास्त करता येत होता, त्यांना नाही. गिअर जड ठेवून, पाय सावकाश मारत मी त्यांच्या बरोबरीनं जाऊ शकले असते. त्यांनी कधी म्हटलं नाही, मला कधी सुचलं नाही. मी पुढे जाऊन थांबत राहिले.

कप मोरीत ठेवले आणि ती काळी सायकल बाहेर काढली. गल्लीच्या उतारावर पाय थांबवणार होते... थांबवले नाहीत. चाकाचा आवाज आला नाही.

परतले तर नानांचा मुलगा दारात उभा. "काय वं, तुले गिअरनी शे ना? हाई कोन चालाडी?"

पाहुणे बघत होते. अहिराणी शब्द चुकेल याची भीती वाटत होती.

"मी चालाडसू," मी म्हणाले.