पासपोर्ट कुरियरला निघाला तेव्हा

लग्नानंतर नवरा लगेच अमेरिकेला परतला आणि मी वसमतजवळच्या हट्टा गावी सासरी राहिले. माझा पासपोर्ट सासूबाईंच्या कपाटात, दागिन्यांच्या डब्याखाली असायचा. पुढच्या महिन्यात मुंबईत माझ्या व्हिसाची मुलाखत होती. तोवर जपून राहायचं, कमी बोलायचं, असं मी ठरवलं होतं. तसंही मी कमीच बोलते.

नवरा तिकडे शिकायला गेला आणि तिथेच नोकरीला लागला. विद्यार्थी असताना त्याचं आयकराचं विवरणपत्र वेगळ्या फॉर्मवर जायचं. आता नोकरीच्या व्हिसावर बायकोसोबत एकत्र भरलं तर कर बराच कमी बसतो, असं मित्रांनी त्याला सांगितलं. वाचलेल्या पैशांतून गाडीही ठरली होती. पण त्यासाठी मला तिथला कर क्रमांक हवा, आणि क्रमांकासाठी माझा मूळ पासपोर्ट तिथल्या कर कार्यालयात जायला हवा. परत यायला दोनेक महिने.

"मुलाखतीची तारीख काय, पुन्हा मिळेल," तो फोनवर सासऱ्यांना म्हणाला. मला कुणी विचारलं नाही.

सह्या मात्र माझ्या लागणार होत्या. त्याने पाठवलेल्या इंग्रजी सूचना घरात मलाच वाचता येत होत्या. गच्चीवर वाळत घातलेल्या हळदीशेजारी बसून मी त्या दुपारभर वाचल्या, आणि मग एक पान पुन्हा वाचलं.

संध्याकाळी सासरे शेतातून आले. सासूबाईंनी पासपोर्ट काढून टेबलावर ठेवला होता.

"आन बाई, वसमतला जाऊन कुरियर टाकून येतो."

सासऱ्यांचे हात हळदीने मनगटापर्यंत पिवळे होते. मी पासपोर्ट उचलला.

"हात धुऊन घेता का आधी?"

ते न्हाणीकडे वळले. मी नवऱ्याला फोन लावला. सासूबाईंनी सवयीने स्पीकर सुरू केला. एकटी असताना मी त्याला अरे-तुरे करते.

"अहो, विवरणपत्राची मुदत वाढवून मागता येते. मी तिकडे आले की आपण दोघं कर कार्यालयात जाऊ. तिथे पासपोर्ट बघून लगेच हातात परत देतात."

"अगं, कराचे पैसे मग किती उशिरा परत येतील! सगळ्यांनी असंच पाठवलंय."

"त्यांच्या बायकांच्या मुलाखती व्हायच्या होत्या का?"

फोनवर त्याच्याकडे कुणीतरी मिक्सर लावला होता, तो बंद झाला.

"ते नाही विचारलं."

सासरे ओले हात झटकत दारात उभे होते. "काय म्हणून राहिली ही?"

सासूबाईंनीच उत्तर दिलं. "पासपोर्ट तिकडं अन् पोरगी इकडं, असं करून राहिला तुमचा शहाणा लेक." मग फोनकडे तोंड करून, "आधी बायको ने रे बाबा, मंग तिचा कागद ने. गाडीत काय एकटाच बसतो का?"

"बघतो, आई."

"बघतो न्हाई. व्हय म्हण."

"बरं," तो म्हणाला.

सासऱ्यांनी मोटारसायकलची किल्ली खुंटीला अडकवली. सासूबाईंनी कपाट उघडून हात पुढे केला. पासपोर्ट अजून माझ्या हातात होता. कव्हर घामाने चिकट झालं होतं.

"माझ्यापाशी राहू द्या," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि कपाट लावून घेतलं.